अहिर: नदीतला शिकारी, समुद्राचा प्रवासी

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरून वाहणारी पैनगंगा वर्धेला मिळते आणि पुढे वर्धा-वैनगंगेच्या संगमातून झालेली प्राणहिता गोदावरीला मिळत असल्याने, समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या या जिल्ह्याचे पाणी अखेर बंगालच्या उपसागरात पोहोचते. याच गोदावरी खोऱ्यात अहिर, म्हणजे सापासारख्या लांब अंगाचा ठिपकेदार भारतीय ईल मासा, आढळतो.

दिवसा खडकांच्या कपारीत किंवा चिखलात दडून राहणारा हा मासा रात्री बाहेर पडतो आणि तीक्ष्ण घ्राणेंद्रियाच्या आधारे मासे, खेकडे, झिंगे व बेडूक यांची शिकार करतो. अनेक वर्षे नदीत वाढल्यावर मात्र त्याचे डोळे मोठे होतात, आतडे आक्रसते, खाणे थांबते आणि साठवलेल्या चरबीच्या बळावर तो समुद्राकडे निघतो, जिथे एकदाच प्रजनन करून त्याचे आयुष्य संपते. डेन्मार्कच्या ‘दाना’ जहाजाच्या १९२८ ते १९३० या मोहिमेत ईलचे डिंभ, म्हणजे अंड्यातून निघालेली पानासारखी चपटी, पारदर्शक पिल्ले, सुमात्राच्या पश्चिमेकडील समुद्रात सापडली होती. प्रवाहांबरोबर किनाऱ्याला लागलेली पिल्ले पुढे नदीत चढतात.

गोदावरीवर १८५२ मध्ये पूर्ण झालेल्या धवळेश्वरम बंधाऱ्यापासून अलीकडच्या मेडिगड्डा बंधाऱ्यापर्यंतची बांधकामे या वाटेवर उभी आहेत; म्हणून प्रत्येक बंधाऱ्याला मत्स्यसोपान, म्हणजे माशांना चढण्या-उतरण्यासाठी पायऱ्यांचा जलमार्ग, असणे अत्यावश्यक आहे.