केडलस्टनचा वाडा

इंग्लंडात डर्बी शहराजवळ केडलस्टन नावाचा मोठा वाडा आहे. तिथली जमीन आठशे वर्षांपूर्वीपासून कर्झन घराण्याची. एवढी जमीन एका घरात टिकली कशी? आपल्याकडे भावाभावांत वाटण्या होतात. तिकडच्या सरदारांत तसं नव्हतं. बहुतेक सारी जमीन थोरल्या मुलाला मिळे. धाकटे पोटापाण्यासाठी बाहेर पडत.

१७५९ साली नथॅनिएल कर्झनने नवा वाडा बांधायला घेतला. वाड्याभोवती मोकळं रान हवं, म्हणून त्याने अख्खं गावच उठवलं! घरं गेली. रस्ताही दूर नेला. चर्च तेवढं जागेवर राहिलं.

पुढे इंग्रजांनी कलकत्त्यात बड्या लाटसाहेबाचा बंगला बांधला, तो याच वाड्याच्या नमुन्यावर. १८९९ साली याच घरातला लॉर्ड कर्झन व्हाइसरॉय होऊन त्या बंगल्यात राहायला आला. १९०५ साली बंगालची फाळणी केली ती त्यानेच.

अखेर घराण्याला वारसाकर जड झाला. १९८७ साली वाडा नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे गेला. आता कुणीही तिकीट काढून तो बघू शकतो. बघणाऱ्याने त्या उठवलेल्या गावाचीही आठवण ठेवावी, असं आम्हांला वाटतं.