साक्षींची संख्या आणि साक्षींचे वजन

पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थी संशोधनपर लेख वाचतो तेव्हा त्याचे लक्ष बहुधा निष्कर्षावर असते. निष्कर्ष टिपून घेतला की लेख वाचून झाला, अशी त्याची समजूत होते. वस्तुतः वाचावयाचे असते ते पुराव्यापासून निष्कर्षापर्यंतचे अंतर. लेखकाने ते पायरीपायरीने कापले आहे की मध्येच उडी मारली आहे, हे पाहणे म्हणजेच चिकित्सक वाचन होय.

शिवजन्मतिथीचा वाद या दृष्टीने उद्बोधक आहे. शिवाजी महाराजांचा जन्म शके १५४९ च्या वैशाखात, म्हणजे इ. स. १६२७ मध्ये झाला, असे उत्तरकालीन बखरींच्या आधारे दीर्घकाळ मानले जाई. १९१६ साली लोकमान्य टिळकांनी जेधे शकावली प्रसिद्ध केली. तीत शके १५५१, फाल्गुन वद्य ३ ही तिथी आढळली. या वादावरील कोणताही लेख हाती घेतल्यावर वाचकाने प्रथम साक्षीदार कोण, हे मांडून पाहावे. ‘अनेक बखरी एकमुखाने सांगतात’ हे वाक्य भारदस्त खरे; परंतु एका बखरीवरून दुसरी उतरली असेल तर दहा बखरी मिळून साक्ष एकच उरते. उलट, शिवकालीन कवींद्र परमानंदाचे ‘शिवभारत’ हे संस्कृत काव्य १९२७ साली प्रकाशित झाले आणि त्यातही शके १५५१ ची फाल्गुन वद्य तृतीयाच निघाली. कारीच्या देशमुखांच्या घरची शकावली कोठे आणि तंजावरास उपलब्ध झालेले काव्य कोठे! ही दोन एकमेकांवरून उतरली असण्याचा संभव अल्प. म्हणून त्यांचे वजन अधिक.

तथापि शकावलीही डोळे मिटून स्वीकारू नये. वतनदाराच्या घरच्या कागदात त्या घराण्याच्या कामगिरीचा मजकूर आला तर तो ताडून पाहिलाच पाहिजे. जन्मतिथी पुढेमागे सरकविण्यात मात्र जेध्यांचा काही लाभ दिसत नाही. एकाच साधनातील एक नोंद संशयास्पद आणि दुसरी विश्वसनीय असू शकते, हे आमच्या विद्यार्थ्यांच्या प्रबंधांत क्वचितच दिसते. साधन ‘अस्सल’ की ‘बनावट’ एवढाच प्रश्न ते करतात.

पहिले वाचन संपल्यावर लेख मिटून त्यातील प्रतिपादन स्वतःच्या तीन-चार वाक्यांत लिहावे. जेथे लेखकाचेच शब्द उसने घ्यावे लागतात, तेथे आपणांस अर्थ लागलेला नसतो. दुसरे वाचन तेथूनच आरंभावे.

आकडे तर स्वतः मांडल्यावाचून सोडू नयेत. शकात ७८ मिळवून इसवी सन काढण्याची सवय सर्वांनाच असते. त्या हिशेबाने शके १५५१ म्हणजे १६२९. परंतु फाल्गुन हा शकवर्षाचा शेवटचा महिना. तोवर इसवी सन पालटलेला असतो. म्हणून ७९ मिळवून १६३० धरावे लागते. एका लेखात १९ फेब्रुवारी १६३० आणि दुसऱ्यात १ मार्च १६३० आढळल्यास तो मतभेद नव्हे. पहिली तारीख ज्यूलियन गणनेची, दुसरी ग्रेगोरियन. कोठे १६२९ छापलेले आढळले, तर चूक लेखकाच्या गणिताची की मुद्रकाची, हे मूळ नोंद उघडल्यावाचून ठरविता येत नाही.