पॅरिसमधील खुले तत्त्वचिंतन

पॅरिसमध्ये तत्त्वज्ञान सर्वांसाठी खुले ठेवण्याची परंपरा जुनी आहे. १५३० मध्ये सुरू झालेल्या ‘कोलेज द फ्रान्स’ या संस्थेत पदवी दिली जात नाही आणि व्याख्यानांना कोणालाही विनाशुल्क बसता येते. मिशेल फूको यांनी १९७० ते १९८४ या काळात तेथे दिलेल्या व्याख्यानांना एवढी गर्दी होई, की अनेकांना दुसऱ्या दालनात बसून ध्वनिक्षेपकावर ती ऐकावी लागत. अशा सभांत श्रोता मात्र श्रोताच राहतो.

ही मर्यादा ओलांडणारा ‘काफे फिलो’, म्हणजे कॉफीगृहातील तत्त्वचर्चा, १९९२ मध्ये बास्तीय चौकातील ‘काफे दे फार’ येथे रुजला. नीत्शेचे अभ्यासक मार्क सोते तेथे रविवारी मित्रांना भेटत, याचा उल्लेख आकाशवाणीवरील मुलाखतीत झाला आणि अपरिचित लोक चर्चेच्या अपेक्षेने येऊ लागले. विषय आधी ठरलेला नसे. जमलेल्यांनी सुचवलेल्या प्रश्नांतून एक निवडला जाई आणि संचालक, म्हणजे बोलण्याची पाळी देणारा व विधानांतील गृहीतके उघडी करणारा, चर्चा पुढे नेई. पूर्वतयारीविना चाललेली ही चर्चा उथळ ठरते, हा विद्यापीठीय आक्षेप सर्वस्वी निराधार नव्हता, तरी ग्रंथप्रामाण्याच्या आडोशाविना स्वतःचे मत मांडावे लागणे हीदेखील एक कठोर शिस्तच होय. सोते यांनी सशुल्क तत्त्वज्ञानसल्ल्याचे केंद्रही चालवले. त्यांचे निधन १९९८ मध्ये झाले, तोपर्यंत हा प्रकार फ्रान्सबाहेरही पोहोचला होता.