गुंतवणूक म्हणून फ्लॅट घेताय? बिल्डरच्या टेबलावरून हिशेब असा दिसतो

दसरा, पाडवा, अक्षय्य तृतीया जवळ आली की फोन वाजू लागतात. ‘सर, प्रीलाँच रेट आहे, रविवारनंतर चौरस फुटाला पाचशे वाढणार.’ पहिल्यांदाच गुंतवणूक म्हणून फ्लॅट घेणारा माणूस नेमका इथे घाई करतो. मी पुण्यात इमारती बांधून विकतो, म्हणजे असे फोन आमच्याच धंद्यातून जातात. म्हणून टेबलाच्या या बाजूने काय दिसते, ते सांगतो. राहायला घर घेणाऱ्याने चार पैसे जास्त मोजले तरी त्याला डोक्यावर छप्पर मिळते. गुंतवणूकदाराच्या हाती फक्त आकडा उरतो. आणि त्या आकड्यात बऱ्याचदा वडिलांचा पीएफ असतो.

प्रीलाँच स्वस्त का असते?

कारण त्या वेळी बिल्डरला पैसा सगळ्यात महाग पडतो. जमीनमालकाचा हप्ता द्यायचा असतो, मंजुरीचे शुल्क भरायचे असते, टीडीआर घ्यायचा असतो. जमीन खरेदीसाठी बँका बिल्डरला कर्ज देत नाहीत, खासगी वित्तसंस्था चढ्या व्याजाने देतात. त्यापेक्षा तुमचे पाच लाख स्वस्त. चौरस फुटामागे मिळणारी सवलत म्हणजे खरे तर तुम्ही दिलेल्या कर्जावरचे व्याज आहे. फरक इतकाच की खासगी वित्तसंस्था जमीन तारण ठेवून घेते आणि तुम्हाला फक्त पावती मिळते.

शिवाय ज्या प्रकल्पाला रेरा नोंदणी लागते, त्याची जाहिरात किंवा बुकिंग नोंदणीआधी करायला २०१६ च्या कायद्याने मनाई आहे. ‘हे बुकिंग नाही, नुसते ईओआय आहे’ असे कुणी म्हणाले तर चेक लिहू नका. नोंदणी झाल्यावरही, करारनामा नोंदवल्याशिवाय किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. त्याहून जास्त मागणाऱ्याला पैशाची घाई आहे, एवढे समजून घ्या.

७० लाखांचा फ्लॅट ७० लाखांत पडत नाही

पुणे महापालिका हद्दीतले बांधकाम चालू असलेले एक घर धरू. किंमत ७० लाख. जीएसटी ५ टक्के, म्हणजे साडेतीन लाख. मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे ४ लाख ९० हजार (महिलेच्या एकटीच्या नावावर घेतले तर त्यात १ टक्का सवलत). नोंदणी शुल्क ३० हजार. एकूण ७८ लाख ७० हजार. वकील, फर्निचर, पार्किंगचे गणित अजून धरलेलेच नाही.

याचा अर्थ असा, की भाव जवळपास साडेबारा टक्के वाढले तेव्हा कुठे तुम्ही सुरुवातीच्या रेषेवर येता. विकताना दलाली जाते ती वेगळी. ‘दोन वर्षांत विकून मोकळे होऊ’ म्हणणाऱ्यांनी हा आकडा कागदावर लिहून समोर ठेवावा.

कर्जाचेही तसेच. ३० ते ७५ लाखांच्या कर्जात बँक किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच देते आणि मुद्रांक शुल्क व नोंदणी त्या हिशेबात धरत नाही. म्हणजे कर्ज ५६ लाख, खिशातून जवळपास २३ लाख. साडेआठ टक्के दराने २० वर्षांचा हप्ता बसतो ४८,६०० रुपयांच्या आसपास.

आता भाडे. समजा महिना २० हजार मिळाले, वर्षाला २ लाख ४० हजार. त्यातून सोसायटीचा मेंटेनन्स ३६ हजार, मिळकतकर १० हजार आणि वर्षातला एक महिना घर रिकामे राहिले म्हणून २० हजार वजा करा. उरतात १ लाख ७४ हजार, म्हणजे घातलेल्या पैशावर सव्वादोन टक्के. घर स्वतः राहण्याऐवजी भाड्याने दिले म्हणून सोसायटी बिनभोगवटा शुल्क लावते, तेही मोजा. ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाही, पण सोसायटीच्या कार्यालयात हे ठामपणे सांगणारे सभासद कमीच.

हप्ता ४८ हजार आणि हातात महिना साडेचौदा हजार. मधली तफावत दर महिन्याला पगारातून भरायची आहे. ती पाच-सात वर्षे, नोकरी सुटली तरीही, भरता येईल का? उत्तर डळमळीत असेल तर फ्लॅट कितीही चांगला असो, थांबा.

महारेराच्या पानावर नेमके काय बघायचे?

जाहिरातीत आता क्यूआर कोड असतो. तो स्कॅन केला की प्रकल्पाचे पान उघडते. बहुतेक लोक नोंदणी क्रमांक बघून समाधानाने फोन खिशात टाकतात. खरा मजकूर त्याच्या पुढे आहे.

पहिले म्हणजे पूर्णत्वाची तारीख. मूळ कोणती होती आणि मुदतवाढ घेतली आहे का? दुसरे, जमिनीवरचा बोजा आणि चालू दावे. तिसरे, प्रत्यक्ष किती सदनिका विकल्या गेल्याची नोंद आहे. सेल्स ऑफिसच्या भिंतीवर ‘८० टक्के सोल्ड’ लिहिलेले असते, पानावर वेगळाच आकडा निघू शकतो.

चौथी गोष्ट फारसे कुणी उघडत नाही: सनदी लेखापालाचे प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म ३. ग्राहकांच्या पैशातले ७० टक्के स्वतंत्र खात्यात ठेवून त्याच प्रकल्पाच्या जमीन व बांधकामावर खर्च करायचे असतात. त्या खात्यातून पैसे काढण्यासाठी हे प्रमाणपत्र लागते. यात काम पुरे करायला अजून किती खर्च आहे, विकलेल्या घरांमधून किती येणे बाकी आहे आणि न विकलेला माल किती आहे, हे दिसते. उरलेला खर्च मोठा, येणे थोडे आणि विक्री थंड असेल तर इमारत वेळेत कशी उभी राहणार, हा प्रश्न बिल्डरला समोरासमोर विचारा. चांगला बिल्डर उत्तर देतो. चिडला, तर तेही उत्तरच आहे.

आणखी एक आतली गोष्ट. बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र, ज्याला आम्ही सीसी म्हणतो, ते बऱ्याचदा टप्प्याटप्प्याने मिळते. आधी जोत्यापर्यंत, मग काही मजल्यांपर्यंत. तुम्ही १८ व्या मजल्याचे घर घेत असाल आणि सीसी दहाव्यापर्यंतच असेल, तर तुमचे घर अजून कागदावरही पूर्ण मंजूर नाही. वरच्या मजल्याचा जादा दर मात्र आजच द्यावा लागतो.

उशीर झाला तर रेरा आहेच ना?

आहे. ताबा वेळेत मिळाला नाही तर व्याजासह पैसे परत मागता येतात किंवा प्रकल्पात राहून दरमहा व्याज घेता येते. पण आदेश मिळणे आणि खात्यात पैसे येणे यात मोठे अंतर आहे. बिल्डरने पैसे दिले नाहीत तर वसुली वॉरंट जिल्हाधिकाऱ्यांकडे जाते, मग मालमत्ता शोधून जप्ती, लिलाव. या काळात तुमचा हप्ता कुणी थांबवत नाही.

‘ताब्यापर्यंत हप्ता बिल्डर भरेल’ या योजनांचा धोका इथेच आहे. कर्ज तुमच्या नावावर असते. बिल्डरने हप्ता भरणे थांबवले की बँक तुम्हालाच गाठते आणि तुमचाच सिबिल बिघडतो. राष्ट्रीय गृहनिर्माण बँकेने २०१९ मध्ये गृहवित्त कंपन्यांना अशा योजनांपासून दूर राहायला सांगितले, ते उगाच नव्हे.

माझे मत विचाराल तर पहिल्या गुंतवणुकीसाठी भोगवटा प्रमाणपत्र मिळालेले घर बरे. पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यानंतर विकल्या जाणाऱ्या घराला जीएसटी नाही, भाडे लगेच सुरू होते, पाण्याचा दाब आणि शेजार डोळ्यांनी दिसतो. आमच्या धंद्यातल्या मित्रांना हे वाक्य आवडणार नाही.

दर कार्पेटवरच तोला

दोन प्रकल्पांची तुलना करताना ‘सेलेबल’ हा शब्द ऐकूच नका. एकूण किंमत भागिले रेरा कार्पेट, एवढाच दर खरा. कार्पेटमध्ये आतल्या भिंती येतात; बाल्कनी, बाहेरच्या भिंती आणि डक्ट येत नाहीत. ७० लाखांत ७०० फूट कार्पेट म्हणजे दर १० हजार, माहितीपत्रकात सात हजार छापले असले तरी.

गुंठ्याच्या मोहाचे काय?

फ्लॅट परवडत नाही म्हणून शहराबाहेर एक गुंठा, म्हणजे १,०८९ चौरस फूट, घेण्याकडे अनेकांचा कल असतो. सातबारावर दहा-बारा नावांत आपले नाव लागले की जमीन आपली झाली, असे वाटते. पण सामाईक सातबाऱ्यावर तुमचा तुकडा नेमका कोणता, हे ठरलेले नसते. बँक अशा जमिनीवर सहसा कर्ज देत नाही. महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायला खरेदीदार साधारणपणे शेतकरीच लागतो. तुकडेबंदी कायद्यात अलीकडे सवलती आल्या आहेत, त्या तुमच्या गट क्रमांकाला लागू आहेत का, हे एजंटला न विचारता वकिलाला विचारा. मंजूर रेखांकनातला एनए प्लॉट महाग असतो, तो याच कारणाने.

आणि विकायची वेळ येते तेव्हा

ताबा मिळताच विकायला निघालात तर तुमचा पहिला स्पर्धक तुमचाच बिल्डर असतो. त्याची न विकलेली घरे त्याच इमारतीत असतात आणि तो मॉड्युलर किचन फुकट देऊ शकतो. करारनाम्यात ताब्याआधी विकल्यास ट्रान्सफर शुल्क किती, हे सही करण्याआधीच वाचा. सोसायटी झाल्यावर तिचे हस्तांतरण अधिमूल्य २५ हजारांपेक्षा जास्त असू शकत नाही.

घर २४ महिन्यांहून जास्त काळ ठेवून विकले तर दीर्घकालीन भांडवली नफा धरला जातो. २३ जुलै २०२४ पासून त्यावर १२.५ टक्के कर आहे, महागाई निर्देशांकाचा फायदा न घेता. त्याआधी घेतलेल्या घरांसाठी निवासी करदात्यांना जुन्या पद्धतीने, निर्देशांकासह २० टक्क्यांनी, हिशेब करून कमी येईल तो कर भरता येतो. किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर खरेदीदार १ टक्का टीडीएस कापून उरलेले पैसे देईल, तो २६एएसमध्ये दिसतो का, हे चेक वटल्यावर तपासा.