हाताएवढं यंत्र, मायक्रॉनचं भांडण: सरफेस रफनेस टेस्टर समजून घेऊ

ज्यांना इअरफोन लावायला वेळ नाही त्यांच्यासाठी या भागाचा हा लेखी अवतार. बोलताना जे "म्हणजे", "काय म्हणतात ते" येतं ते काढून टाकलंय, बाकी तसंच ठेवलंय.

मी सॉफ्टवेअरवाला माणूस. बी.टेक. झालो, लॅपटॉप उघडला आणि कारखान्याशी संबंध संपला असं वाटलं होतं. पण छत्रपती संभाजीनगरमध्ये राहून ते कसं शक्य आहे? १९८५ मध्ये वाळूजला बजाजचा प्लांट आला, आणि त्याच्या मागे पार्ट करून देणारी छोटी-मोठी वर्कशॉप उभी राहिली. आपल्यातल्या निम्म्यांचा कोणी ना कोणी काका, मामा, शेजारी शिफ्टला जातोच. माझ्या मामांचं वाळूजला छोटं वर्कशॉप आहे. दोन लेथ, एक ग्राइंडर, सात माणसं. आजची गोष्ट तिथलीच, आणि त्यात चूक माझी आहे. आधी यंत्र समजून घेऊ, मग चूक सांगतो.

गुळगुळीत म्हणजे नेमकं किती?

मामा अजूनही जॉबवरून अंगठ्याचं नख फिरवतात आणि सांगतात, "फिनिश आली नाही, टूल बदल." बहुतेक वेळा बरोबर असतात. पण ड्रॉइंगवर "मामांच्या नखाला बरं वाटेल इतकं" असं लिहिता येत नाही ना! तिथे आकडा असतो, उदाहरणार्थ आरए ०.८. म्हणजे ०.८ मायक्रॉन. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. तुमच्या डोक्यावरचा केसच साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून अंदाज घ्या.

इतक्या बारीक गोष्टीने फरक काय पडतो? ऑइल सीलखाली फिरणारा शाफ्ट घ्या. खडबडीत असला तर सीलची रबरी ओठ झिजते आणि तेल गळतं. फारच आरशासारखा केला तर तेलाचा पातळ थर टिकत नाही, सील कोरडं पडून तापतं. म्हणजे "जितकं गुळगुळीत तितकं चांगलं" हेही खरं नाही. बाइकच्या सिलिंडरमध्ये आतून मुद्दाम एकमेकांना छेदणाऱ्या बारीक रेघा मारतात, तेल धरून ठेवायला.

यंत्र करतं काय?

मिटुटोयोचं सर्फटेस्ट किंवा टेलर हॉब्सनचं सरट्रॉनिक अशी हातात मावणारी यंत्रं शॉप फ्लोअरवर दिसतात. वजन साधारण अर्धा किलो. एका टोकाला बारीक हिऱ्याची सुई, तिच्या टोकाची त्रिज्या २ किंवा ५ मायक्रॉन. जॉबवर ठेवायचं, बटण दाबायचं. सुई काही मिलिमीटर सरकते, खड्ड्यात उतरते, टेकडीवर चढते. ग्रामोफोनची सुई आठवा, तसंच. ती वर-खाली हालचाल विजेच्या सिग्नलमध्ये बदलते, आणि स्क्रीनवर आकडा येतो.

आरए कसा निघतो? सगळ्या चढ-उतारांची एक मधली रेषा काढायची. प्रत्येक बिंदू त्या रेषेपासून किती लांब आहे ते बघायचं, वर की खाली याचा विचार न करता. सगळ्यांची सरासरी म्हणजे आरए. कोड लिहिणाऱ्यांसाठी: मीन अॅब्सोल्यूट डेव्हिएशन, बस.

पण सरासरी म्हटलं की गोम आलीच. एका पृष्ठभागावर टोकदार सुळके आहेत, दुसऱ्यावर तेवढेच खोल चर. दोघांचा आरए सारखा येऊ शकतो. सुळके सील फाडतील, चर तेल धरतील. म्हणून बऱ्याच ड्रॉइंगवर आरएच्या जोडीला आरझेडही मागतात, त्यात सर्वांत उंच शिखर ते सर्वांत खोल दरी हे अंतर बघतात.

आणि हा आकडा येतो कुठून? लेथवर बरंचसं गणित दोन गोष्टींचं असतं: फीड आणि इन्सर्टच्या टोकाची त्रिज्या. फीडचा वर्ग भागिले त्रिज्येची आठ पट, ही चराची किमान खोली. फीड ०.२ मिमी आणि त्रिज्या ०.८ मिमी असेल तर साधारण ६.२५ मायक्रॉन. फीड निम्मा करा, खोली निम्मी नाही, पावपट होते: १.५६. मामांना मी हे सूत्र सांगितलं तर म्हणाले, "ते आम्हाला माहितीये, फक्त वर्ग करतात हे माहीत नव्हतं."

कटऑफ: इथेच मी फसलो

जालना रोडने क्रांती चौकाकडून सिडकोकडे गाडीवर चाललाय असं समजा. रस्त्यात उड्डाणपूल येतात, आणि डांबरावर बारीक खडीही असते. "रस्ता किती खडबडीत आहे?" असं विचारलं तर उड्डाणपुलाचा चढ धरायचा का? नाही ना. म्हणजे किती लांबीपर्यंतचा चढ-उतार "खडबड" मानायचा आणि त्यापुढचा सोडून द्यायचा, हे आधी ठरवावं लागतं. त्या हद्दीला कटऑफ म्हणतात. यंत्र त्याहून लांब लाटा फिल्टरने बाजूला काढतं. आरए ०.१ ते २ मायक्रॉनच्या घरात अपेक्षित असेल आणि ड्रॉइंगवर वेगळं लिहिलं नसेल, तर कटऑफ ०.८ मिमी घ्यायची रीत आहे. त्याच्या पाच पट, म्हणजे ४ मिमी लांबी मोजतात.

आता माझा पराक्रम. मामांच्या इथे रीडिंग वहीत लिहायचे. मी म्हटलं, "मामा, केबल लावतो, आकडा थेट एक्सेलमध्ये येईल." शनिवार-रविवार बसून स्क्रिप्ट लिहिली. टेस्टिंग करताना सुई ४ मिमी सरकेपर्यंत दरवेळी थांबायचा कंटाळा आला. म्हणून कटऑफ ०.२५ केला, लांबी सव्वा मिमीवर आली, काम झटपट. रविवारी रात्री सगळं चाललं, मी खूश होऊन घरी गेलो. सेटिंग तसंच राहिलं.

त्याच आठवड्यात १८० शाफ्टचा लॉट गेला. आमच्या शीटवर आरए ०.६ च्या आसपास, मर्यादा ०.८. पार्टीकडे मोजलं तर एकच्या वर. सगळा माल परत, वर डेबिट नोट. मामा म्हणाले त्यांचं यंत्र खराब असेल. मीही तेच म्हणालो, तेही छातीठोकपणे.

मग मास्टर प्लेटवर तपासायचं ठरलं. प्रत्येक यंत्रासोबत अशी एक प्लेट येते, तिच्यावर आरए किती हे लिहिलेलं असतं. ती लावायला सेटिंगचं पान उघडलं आणि ०.२५ दिसलं. मला घामच फुटला. ०.८ करून तेच शाफ्ट मोजले, तर पार्टीचाच आकडा आला.

झालं असं होतं की ग्राइंडिंग व्हीलचं ड्रेसिंग घाईत, डायमंड जोरात सरकवून झालं होतं. व्हीलवर मळसूत्रासारखी रेघ उमटली आणि तीच शाफ्टवर छापली गेली. या लाटांमधलं अंतर पाव मिलिमीटरपेक्षा जास्त, म्हणून ०.२५ च्या फिल्टरने त्या बऱ्याचशा गाळून टाकल्या. आणि अशा मळसूत्री रेघाच सीलसाठी सगळ्यात वाईट. शाफ्ट फिरताना त्या तेल बाहेर ढकलतात. शाफ्ट खरंच खराब होते. माझ्या सेटिंगने ते झाकलं.

व्हील सावकाश ड्रेस करून ११८ शाफ्ट पुन्हा ग्राइंड केले, ते वाचले. बाकीच्यांना साइजमध्ये जागाच उरली नव्हती, ६२ भंगारात. मी पैसे देऊ केले, मामांनी घेतले नाहीत. एवढंच म्हणाले, "आमच्या वहीत आकड्याशेजारी कटऑफचा रकाना होता. तुझ्या एक्सेलमध्ये कुठंय?"

नव्हता. यंत्र तो पाठवत होतं, मीच स्क्रिप्टमध्ये फक्त आरए उचलला होता. आता प्रत्येक ओळीत कटऑफ, लांबी, तारीख येते, आणि सेटिंग ठरलेलं नसेल तर ओळ लाल होते.

तुम्ही कधी हातात घेतलंत तर

आयटीआय, डिप्लोमा किंवा इंडो जर्मन टूल रूममध्ये शिकणाऱ्यांसाठी खास: शिफ्टच्या सुरुवातीला मास्टर प्लेटवर तपासा. कटऑफ बघा. जॉब आणि सुई पुसा, तेलाचा थर आणि बुरादाही मोजला जातो. सुई रेघांना आडवी चालवा. रेघेच्या दिशेने चालवली तर आकडा खोटाच छान येतो. शेजारी ग्राइंडर धडधडत असेल तर टेबल हलतं, दोन-तीनदा मोजा. आणि आकडा सांगताना कटऑफ सोबत सांगा.

मामा अजून आधी नख फिरवतात, मग यंत्र लावतात. त्या लॉटच्या वेळी नख फिरवलं होतं का, हे मी विचारलं होतं. म्हणाले, "फिरवलं होतं रे. जरा खरखर लागली. पण तुझा आकडा चांगला होता म्हणून सोडून दिलं."

चला, भेटू पुढच्या भागात. तुमच्या घरात कोणी शॉप फ्लोअरवर असेल तर हा भाग त्यांना ऐकवा, आणि कुठे चुकलो असेन तर त्यांच्याकडून मला कळवा.