रेरा नंबर आहे, म्हणून इमारत अधिकृत?

ठाकुर्लीत घर शोधायला निघालेल्या माणसाच्या हातात जे पत्रक पडतं, त्यावर तीन गोष्टी हमखास असतात. खाडीचा देखावा, स्टेशनला चालत दहा मिनिटं आणि तळाशी रेराचा नोंदणी क्रमांक. पहिल्या दोन गोष्टींची लोक निदान खातरजमा तरी करतात. वरच्या मजल्यावर जाऊन खाडी खरंच दिसते का ते बघतात, स्टेशनपर्यंत चालून येतात. तिसऱ्या गोष्टीपाशी मात्र सगळी चौकशी थांबते. "रेरा आहे ना, मग आणखी काय बघायचं?" हे वाक्य मी नव्वद फुटी रस्त्यावर संध्याकाळी फिरणाऱ्यांच्या तोंडून ऐकतो, लग्नाच्या पंगतीत ऐकतो, चांगल्या शिकल्यासवरल्या माणसांकडून ऐकतो. शेजारच्या डोंबिवलीत एवढं सगळं घडून गेल्यावरही ते ऐकावं लागतं, याचा राग येतो.

जे घडलं ते थोडक्यात असं. कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या हद्दीतल्या ६५ इमारतींसाठी पालिकेच्या नावाने बांधकाम परवानग्या बनवल्या गेल्या. त्या परवानग्या बनावट होत्या. ते कागद महारेराच्या, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर चढवून नोंदणी क्रमांक मिळवले गेले. नीट लक्षात घ्या, क्रमांक खरे होते. संकेतस्थळावर शोधले तर ते सापडत होते. खोटा होता तो त्यांच्या मुळाशी असलेला पालिकेचा कागद. २०२२ मध्ये प्रकरण पोलिसांत गेलं आणि १९ नोव्हेंबर २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने या ६५ इमारती पाडण्याचा आदेश दिला. त्या इमारतींत तोवर हजारो कुटुंबं राहायला आली होती. त्यांच्याकडे रेरा क्रमांक होता, नोंदणी केलेला करारनामा होता, बँकेचं कर्ज मंजूर झालेलं होतं. नव्हती ती फक्त पालिकेची परवानगी.

हे होऊ कसं शकतं? उत्तर कायद्यातच आहे. स्थावर संपदा कायदा २०१६ चा. महाराष्ट्रात महारेराचं काम १ मे २०१७ पासून सुरू झालं. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठा भूखंड किंवा आठपेक्षा जास्त सदनिका असतील तर प्रकल्पाची नोंदणी बंधनकारक. नोंदणीसाठी विकासक कागद जोडतो आणि ते खरे असल्याचं प्रतिज्ञापत्र देतो. प्राधिकरणाने ३० दिवसांत निर्णय दिला नाही तर नोंदणी झाली असंच कायदा मानतो. म्हणजे या नोंदणीचा पाया विकासकाने स्वतः दिलेली माहिती हा आहे. महारेराचा माणूस जागेवर येऊन सर्व्हे नंबर ताडून पाहतो, सीसी, म्हणजे बांधकाम सुरू करायची परवानगी, कुणी दिली ते पालिकेत जाऊन विचारतो, अशी समजूत लोकांनी करून घेतली आहे. कायद्याने त्या क्रमांकाला असं काम दिलेलंच नाही. डोंबिवलीच्या प्रकरणानंतर, २०२३ पासून, सीसी थेट पालिकेकडून ताडून घेण्याची पद्धत महारेराने आणली. हे चांगलं झालं. पण त्याआधी नोंदलेल्या प्रकल्पांतली घरं आजही हातोहात विकली जात आहेत आणि पत्रकावर तोच क्रमांक छापलेला असतो.

याचा अर्थ रेरा निरुपयोगी आहे असा मुळीच नाही. ग्राहकांकडून आलेल्या रकमेतले ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवणं, दर तीन महिन्यांनी कामाची माहिती जाहीर करणं, करारनामा नोंदवण्याआधी किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम न घेणं, हे सगळं या कायद्यामुळेच विकासकावर बंधनकारक झालं. जमिनीच्या मालकी हक्कात दोष निघाला तर भरपाई मागायला मुदतीचं बंधन नाही, हेही याच कायद्याच्या १८व्या कलमात आहे. फक्त भरपाईचा आदेश मिळणं आणि ती रक्कम खरोखर हातात पडणं यांत फार अंतर असतं. विकासक फरार असेल, त्याच्या नावावर काही उरलं नसेल, तर वसुली करणाऱ्या जिल्हाधिकाऱ्यांनी ती करायची तरी कशातून?

मग लोक पुढचं म्हणतात, "अहो, बँकेने कर्ज दिलंय. त्यांचे वकील काय उगाच सही करतात?" बँकेचा वकील बँकेचं हित बघतो. तुमचा पगार, जामीनदार आणि तुमची सही या तीन गोष्टींवर बँकेचा पैसा सुरक्षित असतो. उद्या इमारत पडली तरी कर्ज तुमच्या डोक्यावर राहतं. सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर २०२४ च्या निकालात बँकांना बजावलं आहे की पूर्णत्वाचा किंवा भोगवट्याचा दाखला तपासल्याशिवाय इमारतीच्या तारणावर कर्ज देऊ नये. सगळ्या बँका आधीपासून हे तपासत असत्या, तर असं सांगायची वेळच आली नसती. वीज, पाणी आणि मलनिःसारणाची जोडणीही हा दाखला पाहूनच द्यावी, असंही त्याच निकालात आहे. तेव्हा "मीटर लागलाय" हा युक्तिवादही सोडून द्या.

करारनामा नोंदवला गेला, मुद्रांक शुल्क भरलं, दुय्यम निबंधकाचा शिक्का बसला, म्हणून व्यवहार शुद्ध झाला असंही नाही. नोंदणी होते ती दस्ताची. विकणाऱ्याला विकायचा हक्क आहे का, हे ठरवणं निबंधकाच्या अखत्यारीतच येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये तमिळनाडूतल्या एका प्रकरणात हे पुन्हा स्पष्ट केलं.

घरपट्टीची पावती दाखवणाऱ्यांनी महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाचं कलम २६७अ वाचावं. बेकायदा बांधकामावर पालिका कर आणि वर शास्तीही वसूल करू शकते, आणि ही वसुली म्हणजे बांधकाम नियमित झालं असं समजू नये, हे त्या कलमातच लिहिलेलं आहे. ज्या कागदात बांधकाम बेकायदा असल्याची कबुली असू शकते तोच पुरावा म्हणून पुढे करायचा, याला काय म्हणावं?

इमारत अधिकृत आहे की नाही हे सांगू शकणारी यंत्रणा एकच आहे, ती म्हणजे नियोजन प्राधिकरण. ठाकुर्लीपुरतं बोलायचं तर कल्याण-डोंबिवली महापालिकेचा नगररचना विभाग. बांधकामाला सुरुवात करायची परवानगी म्हणजे सीसी आणि राहायला जायची परवानगी म्हणजे ओसी (भोगवट्याचा दाखला), दोन्ही तिथूनच निघतात. विकासकाने दिलेली झेरॉक्स तुम्ही किती वेळा वाचता याला अर्थ नाही, कारण बनावट कागदही वाचायला खऱ्यासारखाच असतो. त्यावरचा जावक क्रमांक, तारीख, सर्व्हे नंबर आणि मंजूर मजल्यांची संख्या पालिकेच्या दप्तराशी जुळते का, हे तिथे जाऊन विचारायचं. तोंडी उत्तरावर समाधान मानू नका. माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचं शुल्क भरून लेखी उत्तर घ्या. मजले जरूर मोजा. चार मजल्यांच्या परवानगीवर सात मजले चढलेले असतील तर वरच्या तीन मजल्यांना कोणतीच सीसी नसते.

खाडीकाठी हे सगळं दुप्पट काळजीने करावं लागतं, कारण परवानगी मिळणं जिथे सर्वात अवघड, तिथेच ती बनावट तयार करण्याचा मोह मोठा. ठाकुर्ली-डोंबिवलीच्या पश्चिमेला उल्हास नदीची खाडी आहे. समुद्राची भरती वसईच्या खाडीतून कल्याणपर्यंत चढते. म्हणून हे पाणी दिसायला नदी असलं तरी त्याला किनारा नियमन क्षेत्राचे, म्हणजे सीआरझेडचे, नियम लागतात. २०११ च्या अधिसूचनेत अशा खाडीपासून १०० मीटर किंवा खाडीची रुंदी, यांतलं जे कमी ते अंतर होतं. १८ जानेवारी २०१९ च्या अधिसूचनेने ते १०० चं ५० मीटर केलं. हे अंतर भरतीरेषेपासून मोजतात. ओहोटीच्या वेळी साइटवर उभं करून "पाणी बघा किती लांब आहे" असं कुणी दाखवलं, तर त्या दाखवण्याला काही किंमत नाही.

खारफुटीचा नियम आणखी कडक आहे. मुंबई उच्च न्यायालयाने १७ सप्टेंबर २०१८ च्या निकालात खारफुटी तोडायला बंदी घातली आणि तिच्याभोवती ५० मीटरच्या पट्ट्यात बांधकाम करता येणार नाही असं सांगितलं. जमीन सरकारी की खासगी, याने फरक पडत नाही. "सातबारा आमच्या नावावर आहे" हे उत्तर इथे चालत नाही. भराव टाकून खारफुटी मारली आणि मग तिथे ती नव्हतीच असं म्हटलं, तर जुनी उपग्रहचित्रं आजही उघडून बघता येतात. ती तुम्हीही बघा. ज्या भूखंडावर तुमची इमारत उभी राहते आहे, तिथे दहा-पंधरा वर्षांपूर्वी काय होतं ते मोबाइलवर दिसेल.

दुसरा आवडता समज पुराचा. "२००५ ला इथे पाणी आलं नव्हतं." जिथे खरंच आलं नव्हतं तिथे तेव्हा बहुधा मोकळं रान होतं आणि पाण्याला पसरायला जागा होती. आता तिथे भराव आहे. शिवाय २६ जुलै २००५ नंतर २०१९ आणि २०२१ च्या जुलैतही उल्हास पात्राबाहेर आली. वरून पावसाचं पाणी येतं, त्याच वेळी खालून मोठी भरती चढते आणि नाल्यांना तोंडच उरत नाही. जलसंपदा विभाग नदीकाठी निळी आणि लाल अशा दोन पूररेषा आखतो. निळी रेषा सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. पण "२५ वर्षांतून एकदा" म्हणजे एकदा येऊन गेला की पुढची २५ वर्षं निवांत, असं नाही. दर वर्षी तो येण्याची शक्यता चार टक्के असते, आणि २० वर्षांच्या गृहकर्जाच्या मुदतीत निदान एकदा येण्याची शक्यता हिशोबाने ५५ टक्क्यांच्या वर जाते. लाल रेषेचा हिशोब केला तरी १८ टक्के येतात. तळमजला किंवा पहिला मजला घेणाऱ्याने हे आकडे समोर ठेवावेत.

"समोर खाडी आहे, पुढे कधी काही होणार नाही." विकास आराखडा न बघता हे बोलू नये. कल्याण-डोंबिवलीचा बाह्यवळण रस्ता मोठागावकडून दुर्गाडीकडे खाडीच्या बाजूनेच आखलेला आहे. पैसे शांत काठाचे मोजाल आणि खिडकीखाली वाहतूक येईल.

"खारफुटीमुळे डास होतात." डास तुंबलेल्या पाण्यात वाढतात. भरती-ओहोटी रोज पाणी हलवते तिथे कमी, आणि भरावाने अडवलेल्या डबक्यांत जास्त.

"स्टेशन जवळ, म्हणजे प्रवासाची चिंता मिटली." ठाकुर्लीला धिम्या गाड्याच थांबतात. जलद गाडी हवी तर डोंबिवली किंवा कल्याण गाठावं लागतं. चालत दहा मिनिटं हा हिशोबही जुलैत, शाळेच्या वेळेला, मुलाचा हात धरून करून बघा.

"जुनी इमारत आहे, इतकी वर्षं कुणी पाडली नाही." जुलै २०१५ मध्ये ठाकुर्लीतच एक जुनी तीन मजली इमारत रात्री कोसळली आणि नऊ जणांचा जीव गेला. वय हा परवानगीचाही पुरावा नाही आणि मजबुतीचाही.

"ओसी येतेच आहे." आली की घर घ्या. ओसी मिळालेल्या घरावर जीएसटीही लागत नाही.

चालत स्टेशन गाठता येईल, संध्याकाळी खाडीवरचा वारा लागेल असं घर हवं असणं यात काही चूक नाही. ठाकुर्लीत अशी अधिकृत घरं आहेत. ती शोधायला एक दिवस रजा टाका. सीसीची प्रत, सर्व्हे नंबर आणि आराखडा घेऊन कल्याणला शंकरराव चौकातल्या महापालिका मुख्यालयात जा. भूखंड कोणत्या वापराच्या क्षेत्रात येतो ते सांगणारा झोन दाखला मागा, सीआरझेड आणि पूररेषा भूखंडाला लागते का ते लेखी विचारा. हे सगळं टोकनचा पहिला रुपया देण्याआधी करा. आणि विकासकाने "एवढी चौकशी करणारं गिऱ्हाईक आम्हाला नको" असं म्हटलं, तर तिथून उठा.