गालिचा सफाईचा व्यवसाय : नफा कोठे राहतो?

नोकरीची वाट पाहण्यापेक्षा स्वतःचा उद्योग करावा, असे वाटणाऱ्या तरुणांना गालिचा सफाईचा व्यवसाय थोड्या भांडवलात करता येतो. काम हाताला लवकर बसते. हिशेब मात्र बसत नाही. प्रस्तुत लेखक बँकेत कारकून असल्याने हिशेबाकडे थोडे अधिक लक्ष दिले आहे.

प्रथम कामाची रीत. गालिच्यातील बरीचशी घाण म्हणजे कोरडी धूळ व रेती. ती आधी व्हॅक्यूमने ओढून काढली नाही, तर पाणी पडताच तिचा चिखल होतो. घाईत हीच पायरी गाळली जाते आणि मग साबण वाढविला जातो. जादा साबण धाग्यांत राहिला की त्यावर धूळ चिकटते, गालिचा लवकर मळतो व गिऱ्हाईक पुन्हा बोलावत नाही. लोकरीला तीव्र सोड्याचा साबण चालत नाही. रंग सुटतो का, हे ओल्या पांढऱ्या फडक्याने कोपऱ्यात पाहूनच कामाला हात घालावा. तागाचे अस्तर असलेला गालिचा फार भिजला तर आकसतो, तपकिरी डाग वर येतात. वाळायला उशीर झाला तर कुबट वास सुटतो. म्हणून पाणी टाकण्यापेक्षा ते ओढून घेण्यास अधिक वेळ द्यावा.

आता दर. शेजारच्याचा चौरस फुटाचा भाव विचारून त्याहून एक रुपया कमी सांगणे, ही दर ठरविण्याची पद्धत नव्हे. समजा, ६०,००० रुपयांचे यंत्र चार वर्षे चालेल असे धरले, तर त्याची झीज दरमहा १,२५० रुपये होते. महिन्याला २५ कामे मिळाली तर प्रत्येक कामावर ५० रुपये पडतात. पावसाळ्यात आठच मिळाली तर दीडशेच्या वर. वीज त्यामानाने किरकोळ : १,५०० वॅटचे यंत्र दोन तास चालले तर तीन युनिट. खरा पैसा जातो तो मदतनिसाच्या मजुरीत आणि येण्याजाण्यात. शंभर फुटांच्या कामाला व पाचशे फुटांच्या कामाला प्रवास तेवढाच. तेव्हा किमान आकार ठरवावा आणि एका भागातील कामे एकाच दिवशी घ्यावीत.

आपल्याकडे घरोघरी गालिचे नसतात, हेही विसरू नये. सोफे, गाद्या, मोटारीतील आसने व कार्यालये धरल्याशिवाय वर्ष निघत नाही. दिवाळीपूर्वी गर्दी असते, पावसाळ्यात वाळवणच होत नाही. कर्जाचा हप्ता मात्र दोन्ही वेळा सारखाच येतो. दिवाळीच्या कमाईतून दोन-तीन हप्ते बाजूला ठेवणारा टिकतो.

२०१५ साली सुरू झालेल्या मुद्रा योजनेत शिशू गटात ५०,००० पर्यंत व किशोर गटात पाच लाखांपर्यंत विनातारण कर्ज मिळते. सगळी रक्कम भारी यंत्रात घालू नये (विक्रेता तसाच आग्रह धरतो!). साबण, मजुरी व प्रवासासाठी हाताशी पैसा हवा, कारण कार्यालयांची बिले उशिरा निघतात. त्यासाठी उद्यम नोंदणी करावी. ती विनामूल्य आहे. २००६ च्या कायद्यानुसार नोंदणीकृत सूक्ष्म उद्योगाचे बिल लेखी करार नसल्यास १५ दिवसांत व असल्यास फार तर ४५ दिवसांत देणे बंधनकारक आहे. उशीर झाल्यास व्याज मागता येते. त्यासाठी काम पूर्ण झाल्याची सही मात्र त्याच दिवशी घेतलेली असावी.